सगळ्यांना आरोग्यसेवा हवी म्हणतात, मग सुधारणा आली की लोक भडकतात का?

उलटतपासणी (धागाकर्ता)

१७ ऑगस्ट १९८९, शिकागो. डॅन रोस्टेंकोव्स्की हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातला बडा असामी. करांचे सगळे कायदे ज्या समितीतून जातात, तिचा अध्यक्ष. ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीतून तो बाहेर पडतो, तर म्हाताऱ्यांचा घोळका मागे. गाडीत बसतो, तर गाडीला गराडा. काचांवर फलक आपटतायत, एक आजीबाई तर थेट बॉनेटवर. शेवटी हा गाडीतून उतरतो आणि पेट्रोल पंपाच्या आवारातून पळत सुटतो. टीव्हीवाल्यांनी सगळं टिपलंय.

गुन्हा काय? तर आदल्या वर्षी याच म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, संरक्षण वाढवणारा कायदा केला. मोठ्या आजारपणात खिशातून किती जायचं त्याला मर्यादा घातली, घरी घ्यायच्या औषधांचा खर्च त्यात आणला. फक्त पैसे ज्येष्ठांनीच भरायचे होते. सगळ्यांना थोडा वाढीव हप्ता, आणि ज्यांचं उत्पन्न बरं त्यांना वर जादा कर, पहिल्या वर्षी माणशी कमाल ८०० डॉलर. आता ज्यांना जुन्या नोकरीतून असंच संरक्षण मिळत होतं, त्यांना वाटलं, घरात असलेल्या वस्तूचे हे पुन्हा पैसे मागतायत. आणि ज्याची म्हातारपणी खरी धास्ती असते, ती नर्सिंग होममधली वर्षानुवर्षांची देखभाल, ती तर कायद्यात नव्हतीच. १९८८ मध्ये ज्या सभागृहाने ३२८ विरुद्ध ७२ मतांनी कायदा मंजूर केला, त्याच सभागृहाने १९८९ मध्ये ३६० विरुद्ध ६६ मतांनी तो मोडीत काढला.

हे वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. 'जनतेला काय हवंय' असं आपण म्हणतो ते नेमकं मोजतात कसं?

आरोग्य धोरणावर सर्वेक्षणं करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशनने जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन लोकांना विचारलं, सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा हवा का. ५६ टक्के हो म्हणाले. मग सांगितलं, यामुळे आरोग्य विमा हा प्रत्येकाचा हक्क होईल. पाठिंबा ७१ टक्क्यांवर. बहुतेकांना जास्त कर भरावा लागेल म्हटल्यावर ३७. काही उपचारांसाठी थांबावं लागेल म्हटल्यावर २६. माणसं तीच, फोन तोच, मधे एक वाक्य टाकलं की मत पालटतं. यातलं कुठलं जनमत धरायचं?

माझं म्हणणं एवढंच की तत्त्वावर फारसं भांडण नाहीच. माणूस हातातलं जाईल म्हणून घाबरतो. कायदा येण्याआधीचा विरोध त्या भीतीचा असतो, आणि कायदा रुळला की तीच भीती त्याच कायद्याची राखण करायला लागते.

एक विनंती. आपल्याकडच्या योजनांवर आधीच दोन-तीन धागे वाहतायत. तिथली भांडणं तिथेच ठेवा.

वाचनमात्र

वाचतोय. बॉनेटवरच्या आजी भारीच.

पत्र्याची पेटी

आजीबाईंच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. त्यांचं चुकलं कुठे? ज्यांनी आयुष्यभर भरलं त्यांनाच परत भरायला लावलं, आणि हवं होतं ते दिलंच नाही. 'घाबरट जनता, शहाणा कायदा' असा सूर लागलाय तुमचा, तो पटत नाही.

अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याचं बघा. २०११ मध्ये कायदा करून मोकळे झाले की राज्यातल्या सगळ्यांना एकच सरकारी व्यवस्था. पैसे कुठून ते नंतर बघू. डिसेंबर २०१४ मध्ये आकडे बाहेर आले. मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर, शिवाय लोकांवर उत्पन्नाप्रमाणे ९.५ टक्क्यांपर्यंत. आणि योजना गुंडाळली कुणी? गव्हर्नर पीटर शमलिन यांनी. तीच योजना घेऊन निवडणुकीला उभे राहिलेले गृहस्थ! कोलोराडोत २०१६ ला अशाच प्रस्तावावर थेट मतदान झालं, जवळजवळ ७९ टक्क्यांनी नाकारला. याला भीती म्हणायचं की हिशेब?

उलटतपासणी

पेटीराव, हिशेब म्हणा, पण अर्धा. तिथला पगारदार आजही भरतोच की. त्याचा आणि मालकाचा मिळून विम्याचा हप्ता जातो. फक्त मालकाचा वाटा त्याला दिसत नाही, तो पगार वाढत नाही या रूपाने जातो. ही सवय दुसऱ्या महायुद्धातली आहे. सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, विम्यावर घातलं नाही, म्हणून कारखानदार माणसं टिकवायला विमा देऊ लागले, मग त्यावर करसवलत मिळाली आणि ते कायमचं होऊन बसलं. आता हप्ता काढून त्या जागी कर आणला की ११.५ टक्के डोळ्यात खुपतात. जो हप्ता गेला त्याची आठवण कुणालाच राहत नाही.

पत्र्याची पेटी

हप्ता जाईल हा सरकारचा शब्द. कर येईल ही खात्री. मी त्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. :)

रात्रपाळी

मी रुग्णालयात दाखल करून घेण्याच्या खिडकीवर बरीच वर्षं काढलीत. सर्वेक्षणं वगैरे मला कळत नाहीत, पण एक सांगते.

रात्री अडीच-तीनची वेळ. पन्नाशीचा माणूस, छातीत दुखतंय म्हणून आलेला, बायको सोबत. बाकावर बसला. हातात विम्याचं कार्ड, त्याची कड अंगठ्याच्या नखाने खरवडत होता. मी नाव विचारलं तर म्हणाला, "यात हे बसतं का?" मी म्हटलं, आधी ईसीजी काढू, मग बघू. परत तेच. बायको म्हणाली, अहो, आत चला ना. तर म्हणे, सकाळी ऑफिस उघडलं की फोन करून विचारतो, मग येतो. उठलाच होता. त्याला आत न्यायला मला वीस मिनिटं लागली. ईसीजी ठीक निघाला. पण ठीक निघेल हे बाकावर कुणालाच माहीत नव्हतं.

हा माणूस कुठल्याही सरकारच्या यादीत 'विमाधारक' म्हणूनच मोजला जाईल. त्याला विचाराल तर समाधानी आहे म्हणेल. त्याला कार्डाबद्दल तक्रार नव्हती, त्याला कार्डाचा भरवसा नव्हता. तुमच्या त्या ५६ टक्क्यांत हा कुठे बसतो सांगा.

चौथा कोन

रात्रपाळीताई, तुमच्या बाकावरच्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात जागा दिलीय. त्यांनी एक ठोकळा काढला होता. एक बाजू, किती लोकांना संरक्षण. दुसरी, कोणत्या सेवा त्यात बसतात. तिसरी, खर्चातला किती भाग भरून मिळतो. राजकारणी पहिली बाजू भरली की पेढे वाटतात. तुमचा माणूस दुसऱ्या बाजूला अडकला होता. तिसरीला अडकणाऱ्यांची तर गणतीच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. धागाकर्त्यांचा सिद्धांत देखणा आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये त्याची पंचाईत होते. तिथे लोकांना सर्वेक्षण करून विचारत नाहीत, थेट मतदान घेतात. १९९४ मध्ये सक्तीच्या विम्याचा कायदा ५१.८ टक्क्यांनी जेमतेम पास झाला, १९९६ पासून लागू. विमा कंपन्या खासगी, पण मूळ विमा प्रत्येकाने घ्यायचाच आणि कंपनीने कुणाला नाकारायचं नाही. त्यानंतर हप्ते वाढतायत म्हणून ओरड कायमची. मग 'सगळ्या कंपन्या काढून एकच सरकारी निधी करा' असा प्रस्ताव आला. २००७ मध्ये ७१ टक्के नाही. २०१४ मध्ये पुन्हा, साधारण ६२ टक्के नाही. जून २०२४ मध्ये 'हप्ता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये' एवढंच मागितलं, तेही ५५ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाकारलं. तीस वर्षं लोक कुरकुरतायत आणि तीस वर्षं बदल नाकारतायत.

उलटतपासणी

पंचाईत कसली, हा तर माझाच पुरावा झाला! १९९४ ला जेमतेम पास झालेली गोष्ट आता हलवू देत नाहीत. :)

चौथा कोन

म्हणजे पाठिंबा दिला तरी तुम्ही बरोबर, विरोध केला तरी तुम्हीच बरोबर. मग सिद्धांत चुकतो कधी, तेही लिहा एकदा.

थंडीवारा

चौकोनराव +१. (चौथा कोन हो, चुकून झालं, पण राहू दे.)

मी इंग्लंडमध्ये असते. इथे एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर, तक्रार करणं हा हवामानाखालोखालचा विषय. ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स म्हणून सर्वेक्षण १९८३ पासून चालू आहे. २०१० मध्ये एनएचएसच्या कामावर ७० टक्के लोक समाधानी होते. २०२४ मध्ये २१ टक्के. आणि त्याच सर्वेक्षणात 'उपचार घेताना पैसे लागू नयेत' या तत्त्वाला मोठं बहुमत, अजूनही. रुग्णाला १८ आठवड्यांच्या आत उपचार, असं ९२ टक्क्यांच्या बाबतीत व्हायला हवं. हे उद्दिष्ट २०१६ च्या सुरुवातीपासून एकदाही गाठलेलं नाही.

माझ्या गुडघ्यासाठी मी अकरा महिने थांबले. दर दोन महिन्यांनी पत्र यायचं, आपण यादीत आहात. नवरा दोनदा म्हणाला, खासगीत जाऊ या का. मीच नको म्हटलं. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. चिडचिड तर रोज करत होते. बहुधा असं वाटलं असेल की मी रांगेतून बाहेर पडले, तर रांगेबद्दल बोलायचा माझा हक्कच गेला. तर धागाकर्ते, 'हातात आलं की लोक राखण करतात' हे खरं असेलही, पण राखण करताना ते सुखी असतात असं समजू नका.

उलटतपासणी

मान्य. 'सुखी' हा शब्द मी कुठेच वापरलेला नाही, पण सूर तसा होता खरा.

सिद्धांत चुकतो कधी? शिकागोला चुकला. कायदा येऊन वर्ष झालं होतं, तरी राखण करायला एक माणूस आला नाही. कारण मला असं दिसतं की कर आधी सुरू झाला आणि औषधांचा फायदा १९९१ पासून टप्प्याटप्प्याने मिळणार होता. हातात काही पडलंच नव्हतं.

याच्या उलट सस्कॅचेवान. कॅनडाचा हा गव्हाचा प्रांत. टॉमी डग्लसच्या सरकारने १९४७ मध्ये रुग्णालयाचा विमा आणला, आणि डॉक्टरच्या फीचाही विमा १ जुलै १९६२ पासून लागू झाला. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप केला. २३ दिवस. ब्रिटनमधून डॉक्टर मागवावे लागले. 'आमचे डॉक्टर आम्हाला राहू द्या' म्हणणाऱ्या समित्या गावोगाव निघाल्या. ११ जुलैला राजधानी रेजायनाला विधानसभेसमोर त्यांचा मोर्चा होता. येणार होती म्हणे दहा-दहा हजारांच्या पटीत माणसं, आली चारेक हजार. तिथून वारं फिरलं. शेवटी ब्रिटनहून लॉर्ड टेलर मध्यस्थीला आले आणि २३ जुलैला सास्काटूनमध्ये समझोता झाला.

मला खरी गंमत पुढे वाटते. डग्लस तोवर केंद्राच्या राजकारणात गेला होता, आणि जून १९६२ मध्ये, संपाच्या तोंडावर, त्याच रेजायनात खासदारकीला पडला. त्याच्यामागून आलेल्या वुड्रो लॉइडचं सरकार १९६४ मध्ये गेलं. जिंकले विरोधक, पण विमा त्यांनी मोडला नाही. १९६६ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. आणि २००४ मध्ये कॅनडाच्या सीबीसीने 'सर्वांत थोर कॅनेडियन कोण' म्हणून लोकांची मतं मागवली, तेव्हा पहिला आला टॉमी डग्लस.

रात्रपाळी

आणि लॉइड? संप तर त्याने अंगावर घेतला ना.

उलटतपासणी

त्याचं नाव त्या प्रांताबाहेर फारसं कुणी घेत नाही.

पत्र्याची पेटी

डॉक्टरांचं कुणी ऐकणार आहे का? ब्रिटनमध्येही १९४८ च्या सुरुवातीला त्यांच्या संघटनेने मत घेतलं होतं, दहातले जवळजवळ नऊ विरोधात होते. तेही घाबरट?

थंडीवारा

आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हा त्यातले बहुतेक आत होते. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण बघायची मुभा दिली, बाकीच्यांना सरकारी पगारी नोकर करणार नाही असं आश्वासन दिलं. तेव्हाचा आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हा गडी सौदेबाजीत पक्का होता. पेटीराव, तुमच्या लाडक्या हिशेबाने डॉक्टर आत आले.

अवांतर: सुरुवातीला चष्मे आणि कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की १९५१ मध्ये त्यावर फी लावायचं ठरलं, आणि त्यावरून बेव्हनने मंत्रिपद सोडलं. फुकट कवळी मिळते म्हटल्यावर कळलं, किती माणसं दाताविना वर्षं काढत होती.

वाचनमात्र

एक बाळबोध प्रश्न. ओबामांच्या कायद्यात विमा सक्तीचा होता त्यावर एवढा गदारोळ का? सगळ्यांनी विमा घेतला तर चांगलंच ना?

चौथा कोन

बाळबोध अजिबात नाही, सगळी मेख तिथेच आहे.

'आधीपासून आजार असला तरी विमा नाकारायचा नाही' हे कलम लोकांना फार आवडतं, विरोधकांच्या मतदारांनाही. आता एवढंच ठेवा आणि सक्ती काढा. धडधाकट माणूस म्हणेल, आजारी पडलो की घेईन. मग विम्यात उरतात आजारी तेवढे. हप्ता चढतो. चढला की त्यातले जरा बरे असलेले बाहेर पडतात. हप्ता आणखी चढतो. म्हणजे आवडतं कलम नावडत्या कलमाच्या खांद्यावर उभं आहे, आणि लोकांना विचारताना दोन्ही सुटी सुटी विचारतात. प्रत्यक्षात २०१९ पासून विमा न घेणाऱ्यावरचा दंड शून्य केला तरी डोलारा कोसळला नाही, कारण तोवर हप्त्यावरचं सरकारी अनुदान लोकांना धरून होतं. काठीपेक्षा गूळ कामाला आला.

उलटतपासणी

याच कायद्याचं जनमत बघा. २०१० मध्ये २१९ विरुद्ध २१२ ने पास झाला, पुढची काही वर्षं नावडतं पारडं बहुधा जड. २०१७ मध्ये मोडायची वेळ आली आणि आवडणारे वाढले! जुलैत रात्री उशिरा, मोडायला निघालेल्या रिपब्लिकन पक्षाच्याच सिनेटर जॉन मॅकेनने अंगठा खाली केला, ५१ विरुद्ध ४९ ने प्रस्ताव पडला. जाणार म्हटल्यावर लोकांना कळलं आपल्याकडे काय आहे.

शिवाय मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची योजना. ती वाढवायची की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राज्यांवर सोडलं. कित्येक रिपब्लिकन राज्यांनी नकार दिला. मग लोकांनीच सह्या गोळा करून मतदान लावलं. आयडाहो, नेब्रास्का, युटा २०१८ मध्ये. ओक्लाहोमा आणि मिसुरी २०२०. साउथ डकोटा २०२२. सगळीकडे 'हो' जिंकलं. ट्रम्पना मत देणारी हीच राज्यं.

पत्र्याची पेटी

थांबा थांबा. ओक्लाहोमात साडेपन्नास टक्के, तेही सांगा. आणि या वाढीव मेडिकेडचा ९० टक्के खर्च केंद्र करतं. राज्यातल्या मतदाराला विचारलं, दहा रुपयांची वस्तू रुपयाला हवी का. कोण नको म्हणेल? व्हरमाँटच्या मतदाराला पूर्ण दहा मागितले होते. तुमचं जनमत आणि माझा हिशेब एकच निघालं की.

उलटतपासणी

हं. हा मुद्दा मी पुरेसा धरला नव्हता. तरी मिसुरीत लोकांनी 'हो' म्हटल्यावर विधिमंडळाने पैसे द्यायला नकार दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, २०२१ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला. रुपयाची वस्तूसुद्धा सहज पदरात पडत नाही.

चौथा कोन

थायलंड कुणीच काढलं नाही. २००२ चा कायदा, दर भेटीला ३० बाट, बाकी सरकारचं. तेव्हाचा पंतप्रधान थाकसिन, त्याची घोषणा. २००६ मध्ये लष्कराने थाकसिनला हाकललं, पण योजनेला हात लावला नाही. उलट ते ३० बाटसुद्धा माफ करून टाकले. म्हणजे सत्ता बंदुकीच्या जोरावर आली तरी योजना हलवायची टाप नाही. हा मुद्दा धागाकर्त्यांना फुकट.

रात्रपाळी

मला त्या माणसाचं अजून पडलंय. तीस बाट लागोत की शून्य, रात्री तीनला आत यायच्या आधी विचारावं लागलं नसतं. किती लागतील हे माहीत असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तुम्हा आकडेवाल्यांना कळतंय का?

थंडीवारा

अकरा महिन्यांत मी एकदाही 'किती लागतील' हा प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही म्हणेपर्यंत ते लक्षातही आलं नव्हतं.

वाचनमात्र

त्या शिकागोच्या आजींचं पुढे काय झालं? म्हणजे त्यांना तो कर बसणार तरी होता का?

उलटतपासणी

त्यांना व्यक्तिशः बसत होता का, हे चार लोकांसमोर काढण्यात अर्थ नाही. पण एकूण ज्येष्ठांपैकी सुमारे ४० टक्क्यांनाच तो जादा कर लागू होणार होता, आणि पूर्ण ८०० भरणारे त्यातले अगदी थोडे. बाकीच्यांनी न बसणाऱ्या करासाठी काचा ठोकल्या.

ज्या औषधांचा खर्च तेव्हा रद्द केला, तो मेडिकेअरमध्ये यायला २००३ चा कायदा लागला, प्रत्यक्षात मिळायला जानेवारी २००६ उजाडलं. या वेळी ज्येष्ठांवर वेगळा कर नव्हता. त्यातही खिशातून जाणाऱ्या रकमेला सरसकट मर्यादा नव्हतीच. वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा लागू झाली २०२५ मध्ये.

पत्र्याची पेटी

म्हणजे छत्तीस वर्षं. आजी तेव्हा सत्तरीच्या असतील, तर...

रात्रपाळी

पुढचं लिहू नका पेटीराव. मी ड्यूटीवर निघालेय.